झोपेची गोळी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितली, इथे लिहून द्यायला कोणी तयार नाही

रावेरच्या बाई

नमस्कार. वय ६१, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, गाव रावेर तालुक्यातलं. प्रश्न एका गोळीचा आहे, पण थोडं मागचं सांगते, नाहीतर "बाई, रात्री हळद-दूध घ्या" अशी उत्तरं येतील. हळद-दूध, जायफळ, तळपायाला तेल, सगळं करून झालंय.

आमची केळी आहे. ज्यांच्याकडे केळी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हे बारा-एकला उठून शेतात जायचे. ऑटो स्विच होता, पण व्होल्टेज पडलं, फ्यूज उडाला, ठिबकची नळी उंदरांनी कुरतडली तर तिथे माणूस लागतोच. त्यात सातपुड्याकडून बिबट्या उतरल्याच्या बातम्या. हे टॉर्च घेऊन निघाले की मी जागी. फाटकाची कडी वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. अशी कित्येक वर्षं गेली. मग सौर पंप बसला. आता मोटर दिवसा चालते, आणि हे रात्री दहाला आडवे होतात ते थेट उजाडल्यावर कूस बदलतात. मी मात्र दीडच्या सुमाराला टक्क जागी. फाटक बंद आहे, माणूस शेजारी झोपलाय, मग मी ऐकतेय तरी काय? पण कान उभे ते उभेच.

मुलगा पुण्याला असतो. त्याने तिथल्या झोपेच्या डॉक्टरांना दाखवलं. (झोप लागत नाही म्हणून डॉक्टर, आणि त्या डॉक्टरांसाठी भुसावळहून रात्रभर गाडीत बसायचं!) डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, खरा उपचार सवयींचा. रात्री साडेअकराच्या आत अंथरुणावर जायचं नाही, पहाटे साडेपाचला उठायचंच, मग झोप झालेली असो-नसो. दुपारी लवंडायचं नाही. जाग आली आणि पुन्हा झोप लागेना तर पडून न राहता उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. घड्याळ नजरेसमोर ठेवायचं नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत झोल्पिडेम ५ मिग्रॅ, रोज नाही, आठवड्यातल्या ठरावीक रात्री, आणि चार आठवड्यांनी बंद.

गुण आला. मधे जाग न येता पाच तास झोप म्हणजे काय हे मी विसरूनच गेले होते. पण गोळ्या थोड्याच दिल्या होत्या, मुदतीच्या आधी संपल्या. फेरतपासणी व्हिडिओवर झाली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ही गोळी व्हिडिओवर लिहिता येत नाही, नियम आहे, तुमच्याकडच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि इथून तमाशा सुरू. आमचे गावातले डॉक्टर चांगले आहेत, अर्ध्या रात्री दार उघडतात, त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण त्यांनी पुण्याची चिठ्ठी पाहिली आणि टेबलावरून परत सरकवली. "बाई, ही सवयीची गोळी. मी लिहीत नाही." त्याऐवजी अ‍ॅलर्जीची एक गोळी दिली, तिने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. तालुक्याचे फिजिशियन म्हणाले, "ज्यांनी सुरू केली त्यांनीच लिहावी." म्हणजे पुणे म्हणतं तिथे घ्या, इथले म्हणतात पुण्याला घ्या. मेडिकलवाला म्हणतो, या चिठ्ठीवर एकदा माल दिलाय, पुन्हा चालत नाही. आणि याच्यावर कळस म्हणजे दुसऱ्या एका दुकानात मला सांगितलं, "ती नाही, पण ही घ्या, हीसुद्धा झोपेचीच", आणि अल्प्राझोलमची अर्धी स्ट्रिप कापून पुढे केली. नाव नाही विचारलं, चिठ्ठी नाही मागितली. डॉक्टरांनी विचार करून सांगितलेली गोळी मला मिळत नाही आणि कोणी न सांगितलेली हातात मिळते! मी ती काउंटरवरच ठेवून आले.

काय करावं? डॉक्टरांना कसं विचारावं, म्हणजे त्यांना मी गोळीच्या नादाला लागलेली बाई वाटणार नाही? जळगावला सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात जा असं एकाने सुचवलं. पण तिथे माझे माजी विद्यार्थी, त्यांचे पालक, कोण ना कोण भेटणारच. मी घरी पोहोचायच्या आत "बाईंचं डोकं फिरलं" ही बातमी सावद्याला पोहोचलेली असेल.

यावलकर केळीवाला

ताई, तुमचं वाचून आमच्याच घरातल्या कोणी लिहिलंय असं वाटलं. आमची अजून रात्रीचीच पाळी आहे, सोलरचा अर्ज करून बसलोय. आमची मंडळीही अशीच जागी असते, मी आलो की म्हणते "झोपलेच होते", आणि आवाज एकदम ताजा.

पण गोळीसाठी एवढे हेलपाटे कशाला? आमचे आबा बऱ्याच वर्षांपासून तीच अल्प्राझोलम घेतात. मेडिकलवाला ओळखीचा, फोन केला की पुडी तयार. आबा ठणठणीत आहेत, रोज मळ्यात जातात. तुम्ही उगाच घाबरून परत ठेवली.

अमळनेर मेडिकल

आमना गावमा बी आसंच शे, म्हणून लिहितो. माझं मेडिकल आहे.

यावलकर भाऊ, तुमचा ओळखीचा मेडिकलवाला आबांवर उपकार करत नाहीये. झोल्पिडेम, अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम या सगळ्या शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीतल्या गोळ्या. ही यादी ऑगस्ट २०१३ मध्ये निघाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. यातलं काहीही विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध आणि किती दिलं हे लिहायचं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं सांभाळायचं. औषध निरीक्षक दुकानात आला की त्याचा पहिला हात या रजिस्टरवर पडतो. मग बिनचिठ्ठीची पुडी कुठल्या नावावर लिहिली जाते, हे ज्याचं त्यालाच माहीत.

बाई, तुमच्या मेडिकलवाल्याचं बरोबर आहे. माल दिला की आम्ही चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि तारीख टाकतो. त्याच चिठ्ठीवर पुन्हा द्यायचं तर डॉक्टरांनीच तसं लिहिलेलं असावं लागतं. तुमच्या चिठ्ठीवर ते नसणार.

आणखी एक गोष्ट, जी गिऱ्हाइकाला आम्ही सहसा सांगत नाही. खेड्यातल्या दुकानात ही गोळी ठेवणं परवडत नाही. लिहिणारे कमी, त्यामुळे पाकीट पडून राहतं, मुदत संपते, आणि वर हिशेब ठेवायचा तो वेगळा. म्हणून पुष्कळ जण सरळ "येत नाही" म्हणून मोकळे होतात. तसं नसतं. ताजी चिठ्ठी दाखवा, स्टॉकिस्टकडून बहुतेक दुसऱ्या दिवशी येते. चिठ्ठीवर तुमचं नाव आणि पत्ता, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, आणि एकूण गोळ्या किती, एवढं असलं म्हणजे मला देताना हात थरथरत नाही.

शिरपूरची लेक

माझ्या आईला झोपेची गोळी सुरू होती. रात्री बाथरूमला उठली, तोल गेला, मांडीचं हाड मोडलं. गोळी वाईट असं म्हणत नाही, पण तुमच्याकडे संडास घराबाहेर असेल, ओट्याला पायऱ्या असतील, तर रात्रभर दिवा चालू ठेवा आणि कोणाला तरी सांगून झोपा. आम्हाला हे कोणीही सांगितलं नव्हतं.

धुळ्याचा फिजिशियन

बाई, तुमच्या गावच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर पहिल्या भेटीत मीही लिहिली नसती. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. माझ्यासमोर जी चिठ्ठी येते तिच्यावर गोळीचं नाव असतं आणि पुढे ०-०-१, म्हणजे फक्त रात्री एक. आजार काय, कशासाठी, किती दिवस, बंद कोण करणार, यातलं काहीही नसतं. अशाच चिठ्ठ्या घेऊन "फक्त महिनाभर" म्हणून आलेले आणि अजून घेत असलेले पेशंट माझ्याकडे आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून जे जे सांगितलं ते सगळं योग्य होतं, पण ते तुमच्या डोक्यात राहिलं, कागदावर उतरलंच नाही. गावचे डॉक्टर कागद वाचतात.

त्यांची काळजीही पोकळ नाही. बायकांमध्ये या गोळीचा अंश सकाळपर्यंत रक्तात जास्त उरतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१३ मध्ये बायकांसाठीचा साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिग्रॅवर आणायला लावला. २०१९ मध्ये आणखी कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोक ही गोळी घेऊन झोपेतच चालणं, स्वयंपाक, गाडी चालवणं असले प्रकार करत होते आणि सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. पासष्टीनंतर तर ही गोळी शक्यतो टाळावी असं वृद्धांच्या औषधांच्या याद्यांमध्ये म्हटलेलं आहे. शिरपूरच्या ताईंच्या आईंचं जे झालं तेच त्यामागचं मोठं कारण. तुम्ही ६१ च्या, डोस ५ चा, मुदत ठरलेली, सोबत सवयींचा उपचार चालू. हे नीट मांडलं तर बहुतेक डॉक्टर ऐकतील.

म्हणून पुण्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागू नका, पत्र मागा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली मनोसक्रिय औषधं दूरवरून लिहायला मनाई आहे आणि झोल्पिडेम त्यात येते. पण एका डॉक्टरने दुसऱ्याला पत्र लिहायला कोणाची मनाई नाही. निदान, काय तपासलं, आठवड्यात किती गोळ्या, एकूण किती बाकी, कोणत्या तारखेला बंद, आणि शंका आल्यास फोन कुठे करायचा, एवढं त्यात यावं. मग तुमचे डॉक्टर नवीन काही सुरू करत नाहीत, चालू असलेलं संपवायला मदत करतात. त्यांच्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

जाताना बाकीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपाही पिशवीत घेऊन जा. बीपीची गोळी आहे का? त्यात पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी मिसळलेली असेल आणि ती रात्री घेत असाल तर दीड वाजता कान कमी आणि मूत्राशय जास्त उठवत असेल. तुम्ही स्वतः घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, हे घरात विचारा. तसं असेल तर झोपेची गोळी देण्याआधी ती तपासणी व्हायला हवी. आडवं झाल्यावर पायात मुंग्या, सारखे पाय हलवावेसे वाटणं असेल तर फेरिटिन तपासा, लोह कमी असलं तर असं होतं. मेलाटोनिनही तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. झोपेची वेळ पुढे-मागे सरकली असेल तर ते कामाचं. मधेच जाग येण्यावर त्याचा उपयोग थोडाच.

कारण संपलं तरी जाग उरते, हे आम्ही रोज पाहतो. फाटकाची कडी आता वाजत नाही, पण अंथरूण म्हणजे पहारा, असं शरीराने शिकून ठेवलंय. अंथरुणावरचे तास कमी करणं आणि जाग आली की उठून बसणं हे त्यावरच आहे. २०१६ मध्ये अमेरिकन फिजिशियनांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून हाच सांगितला, गोळी त्यानंतर. गोळ्या मिळोत न मिळोत, तो भाग सोडू नका.

मनोविकार विभागाचं म्हणाल तर जळगावची भीती वाटत असेल तर धुळ्याला या. इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. आणि जायचं कुठे हेच ठरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

रावेरच्या बाई

डॉक्टरसाहेब, पत्र आलं. मुलाने पुण्याच्या दवाखान्यात जाऊन घेतलं, फोटो लगेच पाठवला, मूळ प्रत कुरिअरने. इंग्रजीत आहे, पण मुद्देसूद. कधी बंद करायची ती तारीख जाड अक्षरात.

आमच्या डॉक्टरांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा चढवून सगळं वाचलं, मग माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. दोघांचं बोलणं निम्मं मला कळलं नाही, पण शेवटी दोघे हसले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी तुम्ही विचारलेलंच सगळं विचारलं. बीपीच्या गोळीत पाण्याची गोळी निघाली! ती रात्रीची लिहिलेली होती, आता सकाळच्या चहानंतर. घोरण्याचं यांना विचारलं तर म्हणे "मला काय माहीत, मी झोपलेला असतो." सून म्हणते थोडं घोरता, पण श्वास अडकत नाही. फेरिटिनचं रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय.

गोळ्या लिहिल्या, पत्रात बाकी होत्या तेवढ्याच, आणि चिठ्ठीवर खाली लिहून टाकलं की पुन्हा देऊ नये. वर तोंडीही बजावलं, "बाई, यापुढची मागायला येऊ नका." मी म्हटलं, नाही येणार. अमळनेरच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मेडिकलमध्ये चिठ्ठीच पुढे केली, "येत नाही" म्हणणाऱ्याच दुकानदाराने वही काढली आणि उद्या संध्याकाळी या म्हणाला. गोळ्या आल्या.

दीडची जाग अजून कधीकधी येते. पण आता पडून राहत नाही, उठते, ओट्यावर बंगईवर बसते. यांची एकदा झोपमोड झाली तर म्हणाले, "काय झालं, मोटर बंद पडली का?" म्हणजे कान त्यांचेही उभेच आहेत, फक्त कधीकधीच.

शिरपूरच्या ताई, बाथरूमपर्यंत छोटे दिवे लावून घेतले. आईंना आता बरं आहे का?

शिरपूरची लेक

काठी घेऊन चालते. शिव्या देते म्हणजे बरी आहे.

यावलकर केळीवाला

आबांना हे सगळं वाचून दाखवलं. गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "ती गोळी घेतली नाही तर हात कापतात." हे इतकी वर्षं त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही. पुडी मी काढून घेतलीय, आजपासून बंद.

धुळ्याचा फिजिशियन

पुडी परत द्या. आजच.

अल्प्राझोलम इतकी वर्षं घेतल्यावर एकदम थांबवली तर हात कापण्यावर भागत नाही. जीव घाबरा होतो, रात्रच्या रात्र झोप जाते, काहींना फिट येतात. ती हळूहळू, थोडी थोडी कमी करत आणायची असते, आठवडे किंवा महिने लागतात, आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, रिकामी स्ट्रिप सोबत घ्या, म्हणजे किती मिग्रॅची ते कळेल.

यावलकर केळीवाला

दिली परत. आबा म्हणतात मंगळवारी मालाची गाडी भरायची आहे, बुधवारी जाऊ. चालेल ना?

धुळ्याचा फिजिशियन

चालेल. तोवर रोजची आहे तेवढीच, कमी नाही, जास्त नाही. आणि आबा संध्याकाळी थोडी दारू घेत असतील तर ती मात्र बंद, कारण दारू आणि ही गोळी एकत्र झाली की झोपेत श्वास मंदावतो. तज्ज्ञांनाही ते खरं खरं सांगा, लपवू नका.